घरकर्ज मागण्याआधी बायकोचं सिबिल बघा

कारंजा (घाडगे) असो, ठाणेगाव असो की सारवाडी, घराचं मनावर घेतलं की आधी प्लॉट बघितला जातो, मग मिस्त्री ठरतो, मग विटा-लोखंडाचा भाव काढला जातो. कर्जाचं शेवटी. फाईल बँकेत गेली की आठ-दहा दिवसांनी फोन येतो, "दादा, तुमचं ठीक आहे, पण वहिनींचं सिबिल कमी येतंय." तोवर प्लॉटचा इसार देऊन झालेला असतो, इसारपावतीवर खरेदीची मुदत पडलेली असते, आणि ज्या कागदानं सगळं अडलं तो कागद घरात कुणी कधी उघडूनच पाहिलेला नसतो.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे, की घर घ्यायचा विचार पक्का झाला त्या दिवशी, म्हणजे अर्ज करण्याच्या निदान वर्षभर आधी, नवरा-बायको दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे ज्यावरून सिबिल ठरतं तो कागद, काढावा. आणि दोघांपैकी आधी बायकोचा वाचावा.

बायकोचा आधी का, तर आपल्या भागात घरातली बारीकसारीक कर्जं तिच्याच नावावर निघतात. वावर नवऱ्याच्या नावे, पीककर्ज नवऱ्याच्या नावे, ते त्याला माहीत असतं. पण फायनान्सच्या गटाचं कर्ज बाईलाच मिळतं. पोराच्या अभ्यासाचा मोबाईल, दिवाळीत आणलेला फ्रीज, धाकट्या दिराची मोटरसायकल, या सगळ्याला "माझ्या नावावर आधीच एक चालू आहे, हे तुझ्या नावानं करू" असं म्हणून तिची सही घेतली जाते. पुढे हप्ता कोण भरतो, किती भरला, किती राहिला, हे तिला कुणी सांगत नाही. रिपोर्टमध्ये मात्र एकूण एक गोष्ट तिच्या नावानं नोंदली जाते.

उलटंही असतं. बायको अंगणवाडीत, दवाखान्यात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला. तिचा रिपोर्ट स्वच्छ, आणि नवऱ्याच्या नावावर ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले. अशा घरात आधी नवऱ्याचा कागद हातात घ्या. पुढे जे सांगतो आहे ते दोघांनाही सारखंच लागू आहे.

लग्न झालं म्हणून दोघांचं सिबिल एक होत नाही. ज्याच्या त्याच्या पॅनवर ज्याचा त्याचा हिशेब चालतो. नवऱ्यानं दहा वर्षं एकही हप्ता चुकवला नसला तरी त्याचं पुण्य बायकोच्या खात्यात जमा होत नाही, आणि तिचा थकलेला हप्ताही त्याच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. दोन्ही कागद एकत्र येतात ते थेट बँकेच्या टेबलावर, घरकर्जाला दोघं मिळून अर्ज करतात तेव्हा. बँक दोघांचेही रिपोर्ट काढते, आणि दोघांतला कच्चा कागद फाईल अडवतो किंवा व्याज वाढवतो.

आता कुणी म्हणेल, मग बायकोला अर्जात घ्यायचंच कशाला? नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर कर्ज काढू, घरही त्याच्याच नावावर करू. हाच सल्ला गावागावात फुकट मिळतो आणि मला तो सगळ्यात जास्त टोचतो. घरावर दोघांची नावं असली की बहुतेक बँका दोघांनाही कर्जदार करतात, म्हणून "तिचं सिबिल खराब आहे, तिचं नाव काढून टाका" हे अर्जापासून सुरू होतं आणि खरेदीखतापर्यंत जातं. जिच्या नावावर घरासाठी कर्जं काढली तिचंच नाव घरावर राहत नाही. पाच-सहा महिने थांबून तिचा कागद सुधारता येत असेल, तर थांबा. घर सहा महिन्यांनी झालं तरी चालेल, पण तिचं नाव वगळून होऊ नये.

यात निव्वळ पैशाचाही फायदा आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वीस लाखांच्या घरावर ते वीस हजार रुपये झाले. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही, हे लक्षात ठेवा. काही बँका बाई मुख्य कर्जदार असेल तर व्याजात किंचित, बहुधा ०.०५ टक्के, सूट देतात. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा (शहरी) दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठंही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला घरकर्जाच्या व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान ठेवलं आहे. ते हप्त्याहप्त्यानं पाच वर्षांत येतं. कर्ज पंचवीस लाखांच्या आत आणि घर पस्तीस लाखांच्या आत हवं. त्यात घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावं, असा आग्रह आहे. कारंज्याला नगरपंचायत आहे, तेव्हा तिथं जाऊन चौकशी जरूर करा. म्हणजे सरकारच्या सवलती घर बाईच्या नावाकडे ओढतात, आणि कर्ज मिळणं तिच्या रिपोर्टवर अवलंबून राहतं.

रिपोर्ट काढायला पैसे लागत नाहीत. आपण ज्याला सरसकट सिबिल म्हणतो ती ट्रान्सयुनियन सिबिल ही एक कंपनी. तिच्यासारख्या आणखी तीन आहेत, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. चारही काढा. गटाचं कर्ज बऱ्याच वेळा मतदान कार्डावर किंवा आधारवर दिलेलं असतं, पॅन त्याला जोडलेलं नसतं. त्यामुळे एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये न दिसलेलं कर्ज दुसरीच्या रिपोर्टमध्ये सापडतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर कमी होत नाही. पण त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच काढा. मोबाईलमधल्या पैसे पाठवायच्या ॲपवर स्कोअर दिसतो खरा, पण खाली लगेच "तुम्हाला दोन लाखांचं कर्ज मंजूर" असं बटण असतं, आणि चुकून बोट लागलं तर नवीन अर्जाची नोंद पडू शकते.

रिपोर्ट हातात आला की वरचा आकडा बघून ठेवून देऊ नका. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असला तर बँका सहसा कुरकुर करत नाहीत, ७०० च्या आसपास प्रश्न विचारतात. पण खरी माहिती खाली आहे. प्रत्येक कर्जाचा वेगळा चौकोन असतो: कुणी दिलं, कधी दिलं, किती दिलं, आज किती बाकी, किती थकीत. त्याच्या खाली महिन्यांची रांग, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतची. ज्या महिन्यात हप्ता वेळेवर गेला तिथं ०००. जिथं ०३० किंवा ०६० दिसेल, त्या महिन्यात हप्ता तितके दिवस मागे होता. त्या रांगेवरून बोट फिरवत जा. कुठल्या जूनमध्ये, कुठल्या जुलैमध्ये चुकलं ते दिसेल. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर लगेच घाबरू नका. दुकानातला हप्ता किंवा मोबाईल ॲपवरचं कर्ज त्यामागच्या एखाद्या फायनान्स कंपनीनं दिलेलं असतं, आणि रिपोर्टमध्ये त्या कंपनीचं नाव येतं. रक्कम आणि तारीख जुळते का ते बघा.

जून-जुलै मुद्दाम म्हटलं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, कापसाचे त्यानंतर. संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी निघतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चला. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, गटाचा तर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला. पेरणीच्या दिवसांत बियाणं, खत आणि पोरांच्या शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो, खातं रिकामं होतं आणि हप्ता बाऊन्स होतो. दर वर्षी तेच दोन-तीन महिने. बँकेच्या संगणकाला पेरणी कळत नाही, त्याला तारीख कळते. म्हणून कापसाचा चुकारा हातात पडला की पहिल्याच दिवशी पुढच्या सात-आठ महिन्यांच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज करा आणि तेवढी रक्कम ज्या खात्यातून हप्ते कटतात त्या खात्यात, नाहीतर वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. ते पैसे नाहीत असं समजून बाकीचा संसार करा. हे एकच जमलं तरी वर्षभरात रिपोर्टची रांग बदलते, आणि हीच सवय घरकर्जाच्या वीस वर्षांना पुरते. मला विचाराल तर शेतकरी घरासाठी यापेक्षा मोठा दुसरा उपाय नाही.

गटाच्या कर्जाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वहिनींचं सिबिल तिथंच अडकतं. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज हे मायक्रोफायनान्सचं कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असंही त्यात आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत लोन कार्ड देणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि त्यावर प्रत्येक भरण्याची नोंद व्हायला हवी. घरात ते कार्ड शोधा. प्रत्येक हप्त्यासमोर सही आहे का बघा. बैठकीत रोख दिलेला हप्ता पुढे भरलाच गेला नाही, किंवा शेवटचे दोन हप्ते राहिले असताना "माफ झालं" समजून सोडून दिले, अशा गोष्टी घडतात. तीनशे-चारशे रुपयांची बाकी वर्षानुवर्षं थकीत म्हणून रिपोर्टमध्ये बसते आणि वीस लाखांचं घर अडवते. अशी बाकी सापडली तर भरून टाका, पावती घ्या, आणि खातं बंद झाल्याचा नो ड्यूज दाखला मागा. दाखला हातात आल्याशिवाय उठू नका. त्यातच "एक फेडायला दुसरं" असं चाललं असेल तर ते आजच थांबवा; तीन कंपन्यांचे हप्ते भरणाऱ्या घराला बँक घरकर्ज देणार नाही, आणि दिलं तरी ते झेपणार नाही.

थकलेलं भरायला गेलं की कंपनीचा माणूस कधी कधी म्हणतो, "चाळीस हजार बाकी आहे, पंधरा भरा, मिटवून टाकू." ऐकायला बरं वाटतं. लोक अदालतीच्या नोटिशीनंतरही अशी तडजोड होते. ज्याच्याकडे खरंच पैसा नाही त्यानं ती करावी, त्यात लाज नाही. पण वर्षभरात घरकर्ज काढायचं असेल तर हे माहीत असू द्या, की अशा खात्यावर "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि घरकर्ज देणारा तो शेरा पाहून सावध होतो. पूर्ण भरायची ताकद असेल तर पूर्णच भरा. आधी तडजोड झाली असेल तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून मिळेल का, हे त्या कंपनीला लेखी विचारा.

कर्जमाफीचा विषय निघाला की लोक बोलायला कचरतात. कचरण्यासारखं काही नाही. माफी शेतकऱ्याच्या हक्कातून आली होती. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखांपर्यंतचं आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ झालं. पण माफीची रक्कम जमा होऊनही मधल्या काळाच्या व्याजाची बाकी खात्यावर राहिली, किंवा खातं बंद झाल्याचं रिपोर्टपर्यंत पोचलंच नाही, असं असू शकतं. ज्यांना माफी मिळाली त्यांनी आपल्या शाखेत जाऊन त्या खात्याचा आजचा उतारा घ्यावा. सातबारा बायकोच्या नावे असेल आणि पीककर्ज तिच्या नावानं असेल, तर हे तिच्यासाठीही करावं.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. पीककर्ज देताना शेतकऱ्याला सिबिलची अट घालू नका, असं राज्य सरकारनं राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना बजावलं आहे. ते पीककर्जापुरतं. घरकर्जाला त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या कर्जमाफीच्या आशेनं पीककर्जाचं नूतनीकरण थांबवलेली पुष्कळ घरं आहेत. ज्या घराला येत्या वर्षात घरकर्ज काढायचं आहे त्या घराला ही वाट पाहणं परवडत नाही, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. थकीत पीककर्ज रिपोर्टमध्ये दिसतंच.

आता नावाची गोष्ट. आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावात वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं, आणि कुठं कुठं सासरी पहिलं नावही बदलतात. पॅन काढलेलं असतं माहेरी, कॉलेजात असताना, माहेरच्या नावानं. आधार सासरच्या नावानं. बँकेच्या पासबुकावर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. क्रेडिट कंपनी नाव, जन्मतारीख, पॅन, मतदान कार्ड, पत्ता आणि मोबाईल जुळवून माहिती एकत्र करते. इथं एकही धड जुळत नसेल तर बाईची माहिती दोन ठिकाणी विभागते. माहेरी असताना फेडलेलं कर्ज तिच्या कामी येत नाही, किंवा त्याच नावाच्या, त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या बाईचं कर्ज तिच्या रिपोर्टमध्ये येऊन बसतं. यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळ खातो. विवाह नोंदणीचा दाखला काढा, तो जोडून पॅनवरचं नाव बदला, आधार, पॅन आणि पासबुक अक्षरशः एकसारखं करा आणि मग ज्या ज्या बँकेत, फायनान्समध्ये खातं आहे तिथं नवं केवायसी द्या. माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर तेही चालतं. मग सगळीकडे तेच असू द्या.

माहेरच्या काळातलं शैक्षणिक कर्ज हा याच्यातलाच अवघड भाग. नर्सिंगला, डीएडला किंवा इंजिनियरिंगला असताना वडिलांबरोबर कर्ज काढलं, मुख्य कर्जदार मुलगी. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो, तोवर लग्न झालेलं असतं. वडील म्हणतात आता सासरच्यांनी भरावं, सासरचे म्हणतात ते तुमच्याकडचं. दोन्ही घरं आपापल्या जागी ताठ, आणि थकबाकी तिच्या नावावर वाढत जाते. मुलीच्या वडिलांना आणि सासऱ्यांना, दोघांनाही माझी विनंती आहे: एकदा बसून वाटा ठरवा. तिच्या पगारावर आणि तिच्या नावावर उद्या घर उभं राहणार असेल, तर तिचं शिक्षण हे दोन्ही घरांचं देणं आहे.

तसंच घरातल्या इतर कर्जांचं. मोटरसायकल दिरानं चालवली, मोबाईल पुतण्यानं वापरला, गटाचे पैसे नवऱ्यानं खताला लावले, तर ज्यानं पैसा वापरला त्यानं तो आधी फेडावा. "तुझं सिबिल खराब" असं बाईला ऐकवण्याआधी त्यातली कर्जं कुणाच्या कामाला आली, ती एकेक करून मोजा. ती कुणाला जामीन राहिली असेल तर तेही बघा. मुख्य कर्जदारानं बुडवलं तर जामीनदाराचाही कागद खराब होतो. घरकर्जाच्या आधीच्या वर्षात नवीन जामीन कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. नातं तुटेल असं वाटतं, पण स्पष्ट कारण सांगितलं तर माणसं समजून घेतात.

काही बायांचं सिबिल खराब नसतं, तर मुळातच नसतं. "मायनस वन येतंय" असं सांगतात ते हेच. कर्जाचा इतिहास नाही, म्हणून स्कोअर नाही. केवळ पूर्वीचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं आहे. तरी वर्ष हाताशी असेल तर इतिहास तयार करणं शहाणपणाचं. भिशीत वेळेवर भरलेले पैसे यात धरले जात नाहीत, आणि बहुतेक पतसंस्थांचा व्यवहारही रिपोर्टमध्ये येत नाही. उपयोग होतो तो बँकेचा. तिच्या नावावर वीस-पंचवीस हजारांची एफडी करा आणि त्या एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. बऱ्याच बँका ते पगाराच्या स्लिपशिवाय देतात. त्या कार्डावर महिन्याला किराणा आणि मोबाईलचं बिल, एवढंच. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत. बिल आलं की पूर्ण भरायचं. बिलावर "किमान रक्कम" म्हणून छोटा आकडा छापलेला असतो, तेवढाच भरून थांबलात तर वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागतं. ज्या घरात हे पथ्य पाळलं जाणार नाही त्यांनी कार्ड घेऊच नये. बँकेतलं छोटं सोनेतारण वेळेवर सोडवलं तरी नोंद होते. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. नवऱ्याच्या कार्डावर तिच्यासाठी जोड कार्ड काढलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. काही देशांत त्याचा फायदा होतो. आपल्याकडे जोड कार्डाचा व्यवहार सहसा मूळ कार्डधारकाच्या नावावर जातो, तिच्या खात्यात काही पडत नाही.

रिपोर्टमध्ये चूक सापडली तर त्या क्रेडिट कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार नोंदवा, आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी द्या. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. एप्रिल २०२४ पासून नियम आहे, की त्यापुढे लागणाऱ्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्रेडिट कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत. टोल-फ्री नंबर १४४४८. थकबाकी भरल्यावर रिपोर्ट बदलायला पूर्वी दोन-दोन महिने लागत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे महिन्याभरात फरक दिसायला हवा. स्कोअर मात्र एका उडीत वर जात नाही.

आणि "सिबिल वाढवून देतो, पाच हजार द्या" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. खरी असलेली नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची असलेली नोंद दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. असा माणूस तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी मागतो, आणि त्यावर तुमच्याच नावानं नवं कर्ज निघू शकतं.

एवढा खटाटोप कशासाठी, त्याचा हिशेब सांगतो. बऱ्याच बँका आता स्कोअर बघून व्याजदर ठरवतात. वीस लाखांचं कर्ज, मुदत वीस वर्षं. आठ टक्क्यांनी हप्ता साधारण १६,७३० रुपये, नऊ टक्क्यांनी साधारण १७,९९५. महिन्याला साडेबाराशेच्या वर, आणि वीस वर्षांत तीन लाखांच्या वर फरक. सहा महिने थांबून आणि चार जुन्या बाक्या भरून हे पैसे वाचत असतील, तर थांबण्यात तोटा नाही. त्या सहा महिन्यांत चार बँकांत चौकशीचे अर्ज टाकत फिरू नका, नवा फ्रीज हप्त्यावर घेऊ नका, आणि जुनं चांगलं चाललेलं खातं घाईनं बंद करू नका.

शेवटी माझ्या बहिणींना. रिपोर्ट काढायला ऑनलाइन सेंटरवर जाल तर सोबत बसा, मोबाईल दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आलेल्या कागदाची प्रिंट घ्या, त्यावरचं प्रत्येक कर्ज कुठलं ते घरच्यांना विचारा, आणि ज्याचं उत्तर मिळत नाही त्याच्यापुढे खूण करा. तो कागद आणि त्याचा पासवर्ड स्वतःच्या पेटीत ठेवा. इथून पुढे कशावरही सही करण्याआधी किती हप्ते, किती रुपये आणि कुणाच्या खात्यातून, हे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.